भाकरी अर्धी केली, कंबर तशीच राहिली: बेळगाव तालुक्यातलं एक प्रकरण

या प्रकरणातली बाई कोणी एक नाही. बेळगावच्या दक्षिणेला येळ्ळूर, धामणे, मच्छे या शिवारपट्ट्यातल्या पन्नाशी-साठीच्या बायका साखर, प्रेशर आणि गुडघे अशी तिन्ही दुखणी एकदम घेऊन दवाखान्यात येतात. त्यांच्यावरून हे प्रकरण उभं केलं आहे आणि आकडेही अशा बायकांत दिसतात तसेच ठेवले आहेत.

वय ५७. उंची १५२ सेंमी, वजन ७१ किलो, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानानं वजन सांगणारा आकडा) ३०.७. आपल्याकडच्या लोकांत बीएमआय २३ च्या वर गेला की वजन जास्त आणि २५ च्या वर गेला की लठ्ठपणा धरतात, कारण आपल्या बांध्यात कमी वजनावरच पोटात चरबी साठू लागते. बेंबीच्या पातळीवर कंबर ९६ सेंमी. बायकांसाठी हद्द ८० ची. अ‍ॅम्लोडिपिनची ५ मिलिग्रॅमची दाबाची गोळी चालू असताना रक्तदाब १४८/९२. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीएवनसी तपासणी ७.६ टक्के. ट्रायग्लिसराइड २१२, चांगलं कोलेस्टेरॉल ३८. मूत्रपिंड ठीक. साखरेसाठी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड एकत्र असलेली गोळी सकाळी एक, रात्री एक, चार वर्षांपासून. पाळी ४८ व्या वर्षी गेली. आईला साखर होती. ७२ व्या वर्षी न्हाणीघरात पडून खुब्याचं हाड मोडलं आणि ती पुन्हा उठली नाही.

कागदावर सहसा नसणाऱ्या दोन गोष्टीही मोजल्या. पोटरीचा घेर ३४ सेंमी. आणि हात छातीशी बांधून साध्या खुर्चीवरून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उठून बसता येतं, ते पाहिलं: ९ वेळा. साठ ते चौसष्ट वयाच्या बाईला १२ पेक्षा कमी वेळा जमलं तरी ते कमी धरतात. ही तर साठीच्याही आतली. पुढचं सगळं या आकड्याभोवती फिरलं.

तिचं म्हणणं असं होतं: "मी काय लई खात न्हाई ओ. दोन भाकऱ्या आन् भात. पयलं तर चार खाईत हुतो."

ती खोटं बोलत नव्हती. लावणीच्या दिवसांत चिखलात वाकून काम, विहिरीचं पाणी, जात्यावरचं पीठ, कापणी-मळणीच्या सुगीत पहाटेपासून रान: तेव्हा चार भाकऱ्या जिरत होत्या. आता शेत वाट्यानं दिलेलं. पोरगा उद्यमबागेत कारखान्यात. दारात नळ, ओट्यावर मिक्सर. ताट निम्म्यावर आलं, पण काम दहाव्या हिश्श्यावर. त्यात पाळी गेल्यावर चरबी मांड्या-नितंबांवरून सरकून पोटात बसू लागते, आणि वापरात नसलेला स्नायू दर दशकात कमी होत जातो, साठीनंतर तर झपाट्यानं. जेवणातून रक्तात आलेली साखर ओढून घेणारी सगळ्यांत मोठी कोठी म्हणजे स्नायू. ती कोठी आक्रसली की तीच भाकरी, तोच भात जास्त साखर चढवतो. उरलेलं यकृतात चरबी होऊन बसतं, आणि चरबीनं भरलेलं यकृत रात्री आपण उपाशी असताना गरजेपेक्षा जास्त साखर सोडत राहतं. म्हणून "रात्री काही खाल्लं नाही, तरी सकाळी १४५ कशी?" हा प्रश्न इतका ऐकू येतो.

घरात चार खाणारी मोठी माणसं. ताटाचा हिशेब विचारला तर कोणी नीट सांगू शकत नाही. डब्यांचा विचारला तर सून चटकन सांगते. तेलाचा पाच लिटरचा डबा महिन्यात संपतो. माणशी रोजचं ३८ ग्रॅम झालं, हवं २०-२५. मिठाची एक किलोची पिशवी वीस दिवस पुरते, म्हणजे माणशी साडेबारा ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ५ ग्रॅमच्या आत आहे. आणि या साडेबारात विकतचे पापड, लोणचं, बाजारातून आणलेलं सुकं मासं धरलेलंच नाही. पाच कप चहा, प्रत्येकी दोन चमचे साखर: रोज ५० ग्रॅम, नुसत्या चहातून. ही डब्यांची पद्धत आम्हाला सगळ्यांत खरी वाटते, कारण डबा लाजत नाही आणि विसरतही नाही.

प्रथिनांचा हिशेब मात्र ताटावरूनच करावा लागला. दोन भाकऱ्या, दोन वेळचा भात, पातळ आमटी, बटाट्याची भाजी, सकाळी पोहे, चहातलं दूध, संध्याकाळी चिवडा. सगळं मिळून ३८ ग्रॅमच्या आसपास. या वयाला आणि बांध्याला किमान ६० हवेत. पोट भरत होतं, स्नायूला काही मिळत नव्हतं.

फेब्रुवारीत तिला सांगितलं ते एवढंच: सहा महिन्यांत वजनाचे सात टक्के, म्हणजे पाच किलो उतरवायचे आणि रोज अर्धा तास चालायचं. सात टक्क्यांचा आकडा हवेतला नाही. अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांवर झालेल्या, २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात हेच उद्दिष्ट होतं: सात टक्के वजन आणि आठवड्याला १५० मिनिटं हालचाल. त्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं, साठीच्या पुढच्यांत तर ७१ टक्क्यांनी. मेटफॉर्मिनच्या गटात ३१. चेन्नईच्या संशोधकांनी २००६ मध्ये भारतीय लोकांवरचा असाच अभ्यास मांडला. तिथे आहार-व्यायामानं तीन वर्षांत धोका २८.५ टक्क्यांनी कमी झाला, आणि तोही वजनात फारसा फरक न पडता. या दुसऱ्या निष्कर्षाकडे लोकांचं लक्ष जात नाही. वजनकाटा न हलताही आत काहीतरी सुधारतं. आणि उलटही होतं: काटा खाली येतो आणि आत बिघडतं. या बाईचं नेमकं तेच झालं.

दहा आठवड्यांनी, एप्रिलच्या शेवटी, ती ६६ किलोवर होती. घरात कौतुक, गल्लीत कौतुक. कंबर मात्र ९४, फक्त दोन सेंमी कमी. पोटरी ३४ वरून ३२.५. आशियाई लोकांत बायकांची पोटरी ३३ च्या खाली गेली की स्नायू कमी झाल्याची शंका घ्यायची असते. खुर्चीवरून उठणं ९ वरून ८ वर.

झालं होतं असं. सकाळी नुसता चहा. दुपारी अर्धी भाकरी, चमचाभर भाजी. रात्री जेवण बंद. ताक आणि एखादं केळ. शिवाय संकष्टी, एकादशीच्या जोडीला सोमवार आणि गुरुवार वाढवले, आणि उपवासाला साबुदाणा, रताळं. बेळगावच्या लाल मातीतलं रताळं चांगलं असतं, त्यात तंतू असतात, त्याच्याबद्दल तक्रार नाही. साबुदाणा मात्र जवळजवळ नुसता पिठूळ पदार्थ, प्रथिन नावापुरतंही नाही. रोजचं प्रथिन ३८ वरून पंचविशीत आलं. शरीराला कमी पडलं की ते चरबी मोडतं, पण सोबत स्नायूही मोडतं. ताकदीचा व्यायाम नसेल तर उतरलेल्या वजनातला साधारण चौथा हिस्सा स्नायूचा असतो. इतकं उपाशी राहिलं तर त्याहून जास्त. पुढे वजन परत चढतं तेव्हा चरबी आधी भरते, स्नायू मागे राहतो. असं दोन-तीनदा झालं की बाई त्याच वजनाला पहिल्यापेक्षा अशक्त असते.

आणि एका पहाटे साडेपाचला, तळ्याकडच्या रस्त्यावर, तिला दरदरून घाम सुटला, हात थरथरले, डोळ्यांपुढे अंधारी आली. सोबतच्या बाईनं घरी आणलं. शेजाऱ्याच्या मशीनवर साखर ५८.

कारण गोळीत होतं. मेटफॉर्मिन एकट्यानं सहसा साखर इतकी पाडत नाही. ग्लिमेपिराइड पाडतं, कारण ते स्वादुपिंडाला दाबून इन्सुलिन काढायला लावतं, पोटात अन्न असो वा नसो. रात्रीचं जेवण सोडलं होतं, रात्रीची गोळी सुटली नव्हती. वर पहाटे रिकाम्या पोटी चाल. गोळीच्या पाकिटावर इंग्रजी, मिळालेल्या सूचनापत्रकावर कन्नड. बाई मराठी चौथी शिकलेली. "जेवणाआधी" म्हणजे जेवण असेल तरच, हे तिला कोणी तिच्या भाषेत सांगितलं नव्हतं. नर्सनं पाकीट हातात घेऊन पेननं एका बाजूला सूर्य, दुसऱ्या बाजूला चंद्र आणि चंद्राखाली ताट काढून दिलं. "आक्का, ताट न्हाई तर गोळी न्हाई, आन् लगेच हिकडं फोन." डॉक्टरांनी त्याच दिवशी ग्लिमेपिराइड बंद केलं आणि नुसतं मेटफॉर्मिन ठेवलं. ज्यांच्या गोळीत हे औषध आहे किंवा जे इन्सुलिन घेतात, त्यांनी खाणं कमी करण्याआधी डॉक्टरांना विचारायचं, नंतर नव्हे. साखर ७० च्या खाली गेली तर तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायची, आणि सावरल्यावर काहीतरी खायचं.

मेपासून ताट नव्यानं मांडलं. घरातल्या वाटीनं आणि मुठीनं, कारण वजनाचा काटा स्वयंपाकघरात टिकत नाही. सकाळी दोन अंडी, किंवा वार असेल त्या दिवशी मोडाच्या मटकीची उसळ वाटीभर. दुपारी ५० ग्रॅम पिठाची एक भाकरी, म्हणजे पीठ मळून मध्यम लिंबाएवढा नव्हे तर मोठ्या लिंबाएवढा गोळा. सोबत लहान वाटी भात, घट्ट वरण, एक वाटी दही आणि पाल्याची किंवा फळभाजी दोन वाट्या. बटाटा भाजीत धरायचा नाही, भातात धरायचा. चारला मूठभर फुटाणे, चमचाभर शेंगदाणे. रात्री साडेसातला पुन्हा एक भाकरी, अख्ख्या मसुराची उसळ, भाजी. भात काढून झाल्यावर त्याच ओलीवर इथे मसूर, हरभरा, वाटाणा निघतो. घरच्या पोत्यात प्रथिन पडून असताना विकतची पावडर घ्यायची गरज नव्हती. रविवारी कोंबडी किंवा बांगडा, तळून नव्हे तर आमटीत. बेरीज साठ ग्रॅमच्या आसपास येते. मूत्रपिंड बिघडलेलं असेल तर हा हिशेब लागू नाही, म्हणून मूत्रपिंडाचं काम सांगणारी क्रिएटिनिनची रक्ततपासणी आधी पाहायची.

जेवताना आधी भाजी आणि उसळ, शेवटी भात. क्रम बदलला तरी जेवणानंतरची साखर कमी चढते. चहा पाचवरून तीन, साखर दोन चमच्यांवरून अर्धा, तीही पंधरा दिवसांच्या टप्प्यांनी. एकदम बंद केलेली साखर आठवड्यात परत येते, हे इतक्या घरांत पाहिलं आहे की आता घाई करवत नाही. तेलाचा डबा पाचाऐवजी तीन लिटरचा आणायचा आणि महिना पुरवायचा. मिठासाठी सुनेनं महिन्याच्या पहिल्या तारखेला ६०० ग्रॅम वेगळ्या बरणीत काढायचं. पहिल्या महिन्यात बरणी २२ तारखेला रिकामी झाली, तिसऱ्यात २८ ला. शेंगाचटणी सोडायला तिनं साफ नकार दिला. ठीक आहे, त्यात मीठ निम्मं, लसूण आणि जिरं जास्त. यात्रेतलं जेवण आणि घरी कोणी कुंदा (बेळगावची दुधाची मिठाई) आणला तर एक चमचा, हेही ठरवूनच ठेवलं, कारण जे ठरलेलं नसतं ते चोरून होतं आणि मग सगळंच सुटतं.

चालण्यापेक्षा ताकदीच्या व्यायामावर भर दिला. आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून, वीस मिनिटं.

खुर्ची भिंतीला टेकवून ठेवायची, प्लॅस्टिकची हलकी घेऊ नये, ती मागे सरकते. दोन पावलांत खांद्याइतकं अंतर, टाचा जमिनीला. पुढं झुकून उठायचं, आणि बसताना धपकन न बसता मनात चारपर्यंत मोजत खाली यायचं. या सावकाश खाली येण्यातही स्नायू बनतो. आठ वेळा, मिनिटभर विश्रांती, असे तीन फेरे. सुरुवातीला खुर्चीवर दुमडलेली चादर ठेवून बैठक उंच केली. महिन्यानं चादर काढली. गुडघ्यात कटकट आवाज आला तर चालतो. दहापैकी पाचाच्या वर दुखलं किंवा दुसऱ्या दिवशी सूज आली, तर उंची वाढवायची, व्यायाम सोडायचा नाही. मग खाटेवर निजून एक पाय सरळ वीतभर उचलून पाच सेकंद धरणं. महिन्यानं घोट्याला अर्धा किलो तांदळाची पुरचुंडी. ओट्याला धरून टाचा उचलणं पंधरा वेळा. भिंतीला हात लावून ढकलणं दहा वेळा. शेवटी एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावून तीस सेकंद उभं राहणं, ओटा हाताशी ठेवून. आईचं खुब्याचं हाड मोडलं होतं, म्हणून हा शेवटचा प्रकार तिच्यासाठी सोडण्यासारखा नव्हता. वजन उतरताना खुब्याचं हाडही थोडं विरळ होतं. हाडावर भार देणारा व्यायाम ती झीज थोपवायला मदत करतो.

चालणं पहाटे एकदम अर्धा तास न ठेवता तिन्ही जेवणांनंतर दहा-दहा मिनिटं. बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, एवढा वेग. जेवणानंतर पायांचे स्नायू चालू असले की ते इन्सुलिनची फारशी वाट न पाहता साखर ओढतात. चपलेऐवजी मागून बंद असलेले मऊ बूट; पायांची संवेदना आधी तपासली, आणि अनवाणी चालण्याचा नवस देवाच्या पायऱ्यांपुरता ठेवायला सांगितलं. जूनमध्ये बेळगावचा पाऊस लागला की इथे चालणं थांबतं ते सप्टेंबरलाच सुरू होतं, आणि दर वर्षी याच महिन्यांत साखर चढते. तिच्यासाठी देवळाचा सभामंडप ठरवला: बावीस पावलं लांब, पंचवीस फेऱ्यांना दहा मिनिटं.

जुलैत वजन ६६.५. अर्धा किलो वाढलं म्हणून ती रडवेली झाली होती. टेप लावली तर कंबर ९१. पोटरी ३३.५. खुर्ची ११. काट्यावर वाढलेलं दिसत होतं, पण पोट आत गेलं होतं आणि पाय भरले होते. त्या दिवसापासून तिनं वजन महिन्यातून एकदा आणि कंबर पंधरा दिवसांनी मोजायची असं ठरलं. टेप एकाच जागी, श्वास सोडल्यावर, कपड्यावरून नाही.

जानेवारीत, म्हणजे सुरुवातीपासून अकरा महिन्यांनी: वजन ६४, कंबर ८७, खुर्ची १४. एचबीएवनसी ६.३, ग्लिमेपिराइडशिवाय. रक्तदाब १२८/८०, गोळी तीच. ट्रायग्लिसराइड १४८. जिना उतरताना गुडघा दुखतो, पण कठड्याला धरावं लागत नाही. एक किलो वजन कमी झालं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोनं हलका होतो. सात किलोंचे अठ्ठावीस. कंबर अजून हद्दीच्या वर आहे. पाळी गेल्यानंतरचा स्तनाचा आणि गर्भाशयाचा कर्करोग, हृदयविकार, यकृताची चरबी, उतारवयातला स्मृतिभ्रंश, या सगळ्यांचा धोका पोटाच्या चरबीशी, साखरेशी आणि दाबाशी बांधलेला आहे, म्हणून ८७ वर थांबायचं नाही. पण घाईही नाही. पुढचं वर्षभर तीन किलो पुरे. मेटफॉर्मिन चार-पाच वर्षं झालं की बी-१२ कमी होऊ शकतं, ते या महिन्यात तपासायचं. डोळ्यांचा पडदा तपासायचा राहिला आहे.

याच भेटीत एक गोष्ट उशिरा लक्षात आली. नवरा तिला घेऊन आला होता, वय ६९, उंची १६५. बाकावर बसताना त्यानं हातानं टेकू घेतला. काट्यावर उभं केलं तर ४७.५ किलो. मागच्या फेब्रुवारीत तो ५१ होता. अकरा महिन्यांत सात टक्के उतरले होते, आणि त्याला कोणी उतरवायला सांगितलं नव्हतं. घरात एकच चूल. तेल कमी, भात लहान वाटी, रात्री एक भाकरी, हे सगळं त्याच्याही ताटात आलं होतं, आणि तो कधी जास्त मागणारा माणूस नाही. शिवाय दात हलतात म्हणून उसळ तो बाजूला काढत होता.

या वयात न ठरवता पाच टक्क्यांहून जास्त वजन उतरलं तर आधी कारण शोधायचं: साखर, थायरॉइड, क्षय, पोटातलं काही. त्याच्या बेडक्याची, रक्ताची तपासणी आणि छातीचा फोटो त्याच दिवशी लिहून दिला. ताट मात्र अहवालांची वाट न पाहता वेगळं केलं. दोन्ही वेळा दोन भाकऱ्या दुधात कुस्करून, भातावर तूप, घोटलेलं मसुराचं वरण दोन वाट्या, सकाळी आंबील आणि दोन अंडी, झोपताना दूध. खुर्चीवरून उठणं त्याला सहा वेळा जमलं. सुनेनं वहीच्या पानावर मधोमध रेघ मारून डावीकडे सासूचं आणि उजवीकडे सासऱ्याचं ताट लिहून घेतलं, आणि विचारलं की मिठाची बरणी दोघांची एकच चालेल का. ती चालेल.